वाट कोठे चुकते?

खारेपाटण हे कणकवली तालुक्यातील शुक नदीच्या काठचे जुने गाव. शके ९३० मधला, म्हणजे इ. स. १००८ चा, शिलाहार राजा रट्टराज याचा ताम्रपट येथे सापडला. त्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकांना या गावाचे नाव चांगले परिचयाचे आहे. एके काळी विजयदुर्गाच्या खाडीतून गलबते येथवर येत. आता गलबते येत नाहीत. मुंबई-गोवा महामार्गाची रहदारी मात्र अहोरात्र चालू असते. पावसाळ्यात शुक नदीला पूर आला, की पाणी बाजारपेठेत शिरते आणि दुकानदारांची माल उंचावर हलवण्याची धांदल उडते.

बाहेरून आलेला माणूस म्हणतो, ‘‘रात्रीत एकाएकी पूर आला.’’ गावातील वृद्ध तसे म्हणत नाहीत. पूर एका रात्रीत दिसला, तरी तो एका जागी तयार झालेला नसतो, हे त्यांना ठाऊक असते. सह्याद्रीच्या उतारावर पडलेले पाणी लहानलहान व्हाळांतून खाली येते. त्यांतला कोणताही व्हाळ एकटा पाहिला, तर शाळेतला मुलगाही चड्डी सावरून तो सहज ओलांडील. असे अनेक व्हाळ नदीला मिळतात आणि त्याच वेळी खाडीला भरती असली, की पाण्याला पुढे जायला वाट उरत नाही.

मुलांच्या हातून घडणाऱ्या गुन्ह्यांचेही बरेचसे असेच आहे. चौदा वर्षांच्या मुलाला चोरी करताना पकडले, अशी दोन ओळींची बातमी वर्तमानपत्रात येते. वाचणारा हळहळतो, किंवा ‘मूळचाच वाईट असेल’ असे म्हणून पान उलटतो. त्या दोन ओळींच्या आधी काय काय घडून गेले, ते बातमीत नसते.

अशा एका मुलाची आपण कल्पना करू. त्याला नाव देण्याचे कारण नाही. तो खारेपाटणचा असेल, राजापूरचा असेल, किंवा घाटावरच्या एखाद्या गावचाही असेल. त्याचे वडील मुंबईत नोकरी करतात. महिन्याला पैसे पाठवतात आणि गणपतीला चार दिवस घरी येतात. वडिलांच्या आजारपणात आई मुंबईस गेली, ती तेथेच राहिली. घरी आजी. तिचे डोळे अधू झालेले, पण चूल आणि तुळस तिच्याकडेच. मुलगा सातवीत आहे. धावण्यात वर्गात पहिला. पण अपूर्णांकांचे गणित काही केल्या त्याच्या डोक्यात शिरत नाही. एके दिवशी त्याला फळ्यापाशी बोलावले जाते. खडू हातात धरून तो नुसताच उभा राहतो. मागच्या बाकांवरून हसू फुटते. शिक्षक हसत नाहीत. पण हसणाऱ्यांना गप्पही करीत नाहीत.

दुसऱ्या दिवशी तो दप्तर घेऊन घरून निघतो आणि एस. टी. स्टँडवर जाऊन बसतो. दुपारी घरी येतो, तेव्हा आजी विचारते, ‘‘काय रे झिला, आज शाळा बेगीन सुटली?’’ तो म्हणतो, ‘‘होय गे आजी.’’ या पहिल्या खोट्यामागे लाज आहे; दुसरे काही नाही. दोन-तीन दिवस असेच जातात. शाळेत त्याच्या नावापुढे गैरहजेरीची खूण पडत असते. वर्गातील कोणी घरी येऊन विचारपूस करीत नाही. त्याचा फोन आला, की वडील एवढेच विचारतात, ‘‘अभ्यास चाललाय ना?’’ आणि तोही ‘‘हो’’ म्हणून मोकळा होतो.

स्टँडवर मात्र त्याची विचारपूस करणारा एकजण असतो. वीस-बावीस वर्षांचा, बोलायला गोड. तो त्याला चहा पाजतो, भजी खाऊ घालतो, आपल्या मोबाइलवर खेळ खेळू देतो. त्या खेळात पैसे लावता येतात. पहिल्या दिवशी मुलगा चाळीस रुपये जिंकतो. गेल्या कित्येक महिन्यांत एखाद्या गोष्टीत त्याची पाठ कोणी थोपटली असेल, तर ती या दिवशी. आठवड्याने त्याच्या नावावर तीनशे रुपयांचे देणे होते. आजीने तांदळाच्या डब्यात पैसे ठेवलेले असतात. त्यांतून तो शंभराच्या तीन नोटा काढतो. पुढे पुन्हा देणे होते, आणि आता डब्यात काही उरलेले नसते. तेव्हा तो गोड बोलणारा म्हणतो, ‘‘पैशांचे राहू दे. एवढी पिशवी पलीकडच्या टपरीवर नेऊन दे. आत काय आहे ते बघू नकोस.’’ मग एका रात्री महामार्गाच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रकची बॅटरी काढली जाते. मुलाने फक्त कोपऱ्यावर उभे राहून लक्ष ठेवायचे असते. गडबड होते. मोठी माणसे पळून जातात आणि सापडतो तो हाच. पळायचे कोणत्या बाजूला, हेही त्याला कोणी सांगितलेले नसते.

आता यात दोष कोणाचा? आजीच्या डब्यातील पैसे आपले नाहीत, हे त्या मुलाला ठाऊक होते. ते त्याला कळत नव्हते, असे म्हणणे हा त्याच्या बुद्धीचा अपमान ठरेल. त्याच्या कृत्याचा वाटा त्याच्याकडे जातोच. परंतु फळ्यापाशी हसलेला वर्ग, रिकामा बाक पाहूनही न हललेली शाळा, दूर असलेले आईबाप, स्टँडवरचा तो गोडबोल्या आणि लहान मुलालाही पैसे लावू देणारा खेळ, यांचा वाटा कोठे मांडायचा? यांतील एकही गोष्ट एकटी पाहिली, तर गुडघाभर पाण्याची. आईबापांपासून दूर राहणारी हजारो मुले कोकणात आहेत आणि ती सरळ वाटेने जातात. गणितात मागे पडणाऱ्या मुलांची तर मोजदादच नको. परंतु या सर्व गोष्टी एका मुलाच्या वाट्याला एकाच वेळी आल्या आणि त्याला हात देणारा कोणी भेटला नाही, तर पाय घसरतो. यांतही सर्वांत घातक गोष्ट कोणती म्हणावी, तर त्याचे दिवस बेहिशेबी झाले, ही. सकाळी अकरापासून संध्याकाळी पाचपर्यंत हा मुलगा कोठे असतो, हे त्याच्या आपल्या माणसांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. ठाऊक होते ते फक्त त्या परक्याला.

‘गरिबीतून गुन्हे होतात’ असे एक वाक्य सरसकट ऐकू येते. ते पारखून घेतले पाहिजे. कोकणाला या बाबतीत एक मोठा अनुभव आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत रत्नागिरी व सिंधुदुर्गाकडील माणसे पिढ्यान्‌पिढ्या काम करीत होती. लालबाग-परळच्या चाळींतून त्यांचे संसार होते आणि गावाकडची घरे त्यांच्या मनिऑर्डरीवर चालत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप महिन्यांमागून महिने लांबला. तो कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. पुष्कळ गिरण्यांची धुराडी कायमची थंड झाली आणि असंख्य कामगारांची नोकरी गेली. घरातील भांडी विकली गेली, बायकांनी खानावळीचे डबे केले, पोळ्या लाटून दिल्या. मुलांनी शाळा सोडल्या. कोणी भाजीची गाडी लावली, कोणी हॉटेलात कपबशा विसळल्या, कोणी गावी परत येऊन नांगर धरला. याच सुमारास त्या वस्त्यांतून गुंडांच्या टोळ्या फोफावत होत्या. त्यांना धीट, रिकामी आणि रागावलेली पोरे हवी होती. काही मुले तिकडे ओढली गेली. त्यांतली काही पुन्हा घरी आली नाहीत.

काही मुले गेली. सगळी गेली नाहीत. हा फरक महत्त्वाचा आहे. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकात संपानंतरचे एक गिरणीकामगाराचे घर आहे. छप्पर एक, आई एक, उपासमारही एकच. तरी त्या घरातील सर्व भाऊ गुंडगिरीकडे वळत नाहीत. म्हणजे गरिबी पाय निसरडे करते हे खरे, पण गरीब मुलगा गुन्हेगार होणार असे त्यातून निघत नाही. दुसरीकडे, पैशांची ददात नसलेल्या घरांतील मुलेही भरधाव गाडीखाली माणसे चिरडतात किंवा अमली पदार्थांच्या नादी लागतात. तेथे पैशांची वाण नसते. मुलाला ‘नाही’ म्हणणाऱ्या माणसाची असते.

एखाद्याच्या रक्तातच गुन्हा असतो, ही समजूत तर याहून घातक आहे. आपल्या देशात एके काळी तिला कायद्याचा आधार होता. १८७१ साली इंग्रज सरकारने एक कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. पुढे तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. अशा जमातींच्या माणसांना सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात ठेवण्यात आले. त्यांनी ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे. पाळण्यातले मूलही या शिक्क्यासह जन्माला येई. स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली, हा कायदा रद्द झाला आणि या जमातींना ‘विमुक्त’ म्हणजे बंधनातून सुटलेले असे नाव मिळाले. पण कागदावरचा शिक्का पुसला, म्हणून लोकांच्या मनातला पुसत नाही. लक्ष्मण गायकवाड हे अशाच एका जमातीत जन्मले. पोटासाठी खिसे कापण्याचे शिक्षण मुलांना घरीच मिळावे, अशी ती परिस्थिती. त्यांना मात्र शाळा मिळाली. पुढे त्यांनी आपली कहाणी ‘उचल्या’ या पुस्तकात लिहिली. ते १९८७ साली प्रसिद्ध झाले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. गुन्हा रक्तात असता, तर शाळेची पाटी तो कशी पुसू शकली असती?

चूक झाल्यावर घर मुलाशी कसे वागते, यावरही पुष्कळ अवलंबून असते. महात्मा गांधींनी आपल्या आत्मकथेत स्वतःच्या दोन चोऱ्या सांगितल्या आहेत. बारा-तेरा वर्षांचे असताना त्यांनी विड्या ओढण्यासाठी नोकराचे सुटे पैसे उचलले. पंधराव्या वर्षी भावाच्या सोन्याच्या कड्यातला एक तुकडा काढून कर्ज फेडले. ही दुसरी चोरी त्यांच्या मनाला असह्य झाली. तोंडाने सांगण्याचे धैर्य होईना, म्हणून त्यांनी सर्व लिहून काढले, शिक्षा मागितली आणि चिठ्ठी आजारी वडिलांच्या हाती दिली. वडिलांनी ती उठून बसून वाचली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले, कागद भिजला. त्यांनी क्षणभर डोळे मिटले, चिठ्ठी फाडून टाकली आणि ते पुन्हा आडवे झाले. ते एक शब्दही कठोर बोलले नाहीत. मार खाण्याच्या भीतीने जो मुलगा पहिले खोटे बोलतो, त्याला ते झाकण्यासाठी दुसरे बोलावे लागते, हे पुष्कळ पालकांच्या लक्षात येत नाही. यावर कोणी म्हणेल, की सर्वच मुले अशी चिठ्ठी लिहीत नाहीत. खरे आहे. पण चिठ्ठी देता येईल असे घरही सर्वांना लाभत नाही.

घराकडून आणि शाळेकडून सुटलेला मुलगा शेवटी शासनाच्या हाती लागतो. त्याच्याशी कसे वागावे, हे शासनही हळूहळूच शिकले. पूर्वी मुलाला मोठ्या कैद्यांबरोबरच तुरुंगात कोंडीत. चोरी करून आत गेलेला मुलगा बाहेर येईपर्यंत तेथील अट्टल चोरांकडून त्याच विद्येत तयार होई. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाने वाट चुकलेल्या मुलांसाठी उद्योगशाळा १८५७ सालीच निघाली होती. तेथे मुलांना हातकाम शिकवीत. अमेरिकेत शिकागो येथे १८९९ साली मुलांसाठी निराळे न्यायालय स्थापन झाले. मुंबई इलाख्यात मुलांचा कायदा १९२४ साली झाला आणि १९२७ साली मुंबईत ‘चिल्ड्रन्स एड सोसायटी’ ही संस्था उभी राहिली.

या संस्थेचे डोंगरी येथील उमरखाडीचे निरीक्षणगृह एका जुन्या तुरुंगाच्या आवारात आहे. मराठी वाचकाला हा तुरुंग अपरिचित नाही. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली लोकमान्य टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर यांना जेथे ठेवले होते, तोच हा डोंगरीचा तुरुंग. तेथील एकशे एक दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिले आहे. तुरुंगाचे मुलांचे घर झाले, तरी भिंती त्याच राहिल्या. आणि केवळ पाटी बदलल्याने आतले वागणे बदलत नाही, हा अनुभव देशात अनेक ठिकाणी आला. कायदे असूनही ठिकठिकाणी मुले तुरुंगांत अडकून पडली होती. शीला बर्से या पत्रकार बाईंनी हे गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयापुढे नेले. १९८६ साली न्यायालयाने मुलांना तुरुंगात ठेवू नये असे बजावले आणि त्याच वर्षी साऱ्या देशासाठी बालन्यायाचा कायदा झाला. पुढे २००० साली आणि पुन्हा २०१५ साली तो नव्याने करण्यात आला.

आजच्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाला ‘गुन्हेगार’ म्हणत नाहीत. ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात. शब्द बोजड आहे खरा, पण त्यामागचा हेतू सरळ आहे: या मुलाचा कायद्याशी संघर्ष झाला आहे, एवढेच सांगावे; तो कोण आहे याचा निकाल देऊन टाकू नये. सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारा या वयात, आपण काय करतो आहोत हे समजण्याइतकी पक्वता मुलाला आलेली नसेल, तर तेव्हाही नाही. मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. या मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजकार्यकर्ते असतात. त्या दोघांपैकी निदान एक स्त्री असते. परिवीक्षा अधिकारी मुलाच्या घरी जातो, शाळेत जातो, शेजाऱ्यांशी बोलतो आणि त्या दोन ओळींच्या बातमीत जे नव्हते, ते सर्व लिहून काढतो. मग मंडळ मुलाला समज देऊन घरी पाठवते, समुपदेशन किंवा समाजसेवेचे काम देते, किंवा गरज वाटल्यास विशेषगृहात ठेवते. तेही जास्तीत जास्त तीन वर्षे. सोळा वर्षांवरील मुलाने अतिशय घोर गुन्हा केला असेल, तर त्याची चौकशी प्रौढासारखी व्हावी की नाही, याचा विचार मात्र मंडळ निराळेपणाने करते. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याचे दुःख मुलाच्या वयाने कमी होत नाही, आणि कायद्यालाही ते विसरून चालत नाही.

स्टँडवरच्या त्या गोडबोल्यालाही हा कायदा सोडत नाही. लहान मुलांना बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. ही गोष्ट मुलांना सहसा कोणी सांगत नाही. ‘तू लहान आहेस, तुला काही होणार नाही’ असे जो सांगतो, तो खरे तर स्वतःला काही होऊ नये म्हणून मुलाला पुढे करीत असतो. अशा पेचात सापडलेले मूल, किंवा त्याच्या वतीने त्याचा मित्र, १०९८ या क्रमांकावर केव्हाही दूरध्वनी करू शकतो. मुलांसाठीची ही मोफत सेवा १९९६ साली मुंबईत सुरू झाली आणि आता देशभर चालते.

राहता राहिला प्रश्न त्या मुलाच्या परत येण्याचा. कायदा सांगतो, की त्याचे नाव किंवा छायाचित्र कोठेही छापू नये, आणि या प्रकरणामुळे पुढे त्याच्या शिक्षणात वा नोकरीत अडथळा येऊ नये. ठरावीक मुदतीनंतर त्याची नोंदसुद्धा सामान्यतः नष्ट करावी. न्यायालयाचे कागद अशा रीतीने नाहीसे होतात. परंतु लहान गावात कागदांची गरज नसते. मुलगा सकाळी आजीचा हात धरून बाजारातून निघतो, तेव्हा दुकानाच्या फळीवर बसलेली माणसे एकमेकांकडे पाहतात. शाळेच्या हजेरीपटात त्याचे नाव पुन्हा लिहिले जाते, पण मधल्या सुट्टीत कोणाचा कंपास हरवला, की सगळ्यांच्या नजरा आधी त्याच्याकडे वळतात. दोन-चार वेळा असे झाले, की स्टँड त्याला पुन्हा जवळचा वाटू लागतो. तेथे त्याच्याकडे कोणी तसे पाहत नाही. काही वेळा निराळेही घडते. धावण्याच्या शर्यतीसाठी वर्गाला त्याची आठवण होते. कोणीतरी डबा खाताना सरकून त्याला जागा देतो. गणिताच्या तासाला फळ्यापाशी तो अडखळला, तर पहिल्या बाकावरचा मुलगा हळूच पुढची पायरी सुचवतो आणि शिक्षक ते ऐकून न ऐकल्यासारखे करतात. महिन्याभराने परिवीक्षा अधिकारी शाळेत येऊन हजेरीपट पाहतात, तेव्हा त्या मुलाच्या नावापुढे एकही गैरहजेरी नसते. आणि आजीला कोणी विचारले, की मुलगा कोठे आहे, तर तिला ते सांगता येते.